बशीरभाईंची अमेरिकन खुर्ची

आमच्या बशीरभाईंना जुन्या अमेरिकन फर्निचरचं येड हाय. मिशनऱ्यांच्या बंगल्यातनं निघालेल्या वस्तू वर्षानुवर्षं गोळा करून परवा त्यांनी प्रदर्शन मांडलं. प्रत्येक खुर्चीवर पाटी, 'बसू नये'. तेवढ्यात शिरोळचं एक म्हातारबा आत आलं आणि सवयीनं बशीरभाईच बोलून गेलं, "या पावणं, बसा की."

म्हातारबांनी पाटी बाजूला ठेवली, सगळ्यात जुन्या झुलत्या खुर्चीत बसलं आणि झोके घ्यायला लागलं. खुर्ची कुरकुरली.

बशीरभाई रडकुंडीला आलं. "आजोबा, जपून. शंभर वर्षांची हाय ती."

"आसू दे की. मी बी नव्वदीला टेकलोय. कुरकुरतोय, पर मोडलो न्हाय."

बशीरभाईंच्या बायकोनं बाजूला ठेवलेली पाटी उचलली आणि नवऱ्याकडं बोट करून आम्हाला म्हणाली, "ही खुर्चीला नको, ह्यांच्या तोंडाला बांधा."