भिंतीवरचं वाचलंस ना?

—नाही, नाही, मध्ये नको, इकडे या, भिंतीला लागून उभे राहा. हां, असं. बूट राहू द्या पायात. आणि आवाज जरा हळू, वर बाबा झोपलेत. तो खाऊचा पुडा खिडकीत ठेवा. मी फोनवर ‘सहज चहाला या’ म्हटलं, मग तुम्ही रिकाम्या हाताने कसे येणार? चूक माझीच. चहा होणार नाही. म्हणजे घरात सगळं आहे, पण स्वयंपाकघरात जायचं तर या तुळईखालून जावं लागतं, आणि मी तीन वाजल्यापासून तिच्याखालून गेलेली नाही.

वर बघताय ना? बघा, त्यासाठीच बोलावलं, या परक्या गावात घराचं कळणारे ओळखीचे तुम्ही एकटेच. दादा म्हणतो, कंपासला नुसतं दारात उभं केलं तरी घर किती कललंय ते तो सांगतो. रागावू नका हं, तो कॉलेजपासून तुम्हाला कंपासच म्हणतो, माझ्या फोनमध्येही तेच नाव आहे. दादाला मात्र अजून काही कळवू नका. का ते सांगते. सगळं सांगते, फक्त तुम्ही असे गप्प राहू नका—बरं, राहा. गप्पच राहा. तुम्ही काही बोललात तर मला ते खरं मानावं लागेल.

हे घर आम्हा दोघांचं, दादाचं आणि माझं. शंभर वर्षांचं आहे, दोन वर्षं कुणी राहत नव्हतं, म्हणून परवडलं. आणि कामाला माणूस लावायचा नाही, ही अट माझी! मी दादाला भाषणच दिलं होतं—आपल्या पिढीला नुसतं विकत घ्यायला येतं, हाताने काही करता येत नाही, परक्या देशात घर घ्यायचं तर निदान त्याची एकेक वीट आपल्या हातांना माहीत हवी. तो हसला, म्हणाला, बाईसाहेब, विटा नाहीत, दगड आहेत. पण मानलं त्याने. मग तो वर्षातून एकदा रजा काढून येतो, सहा महिन्यांनी मी येते. वीस-वीस दिवस. दोघांना एकदम रजा कधी मिळाली नाही, म्हणून ही भिंत. ही, तुमच्या पाठीमागची. आता पांढरीशुभ्र दिसते ना? तिच्यावर तो जाताना पेन्सिलीने सगळं लिहून ठेवायचा. ‘मोरीचा नळ उलटा फिरतो.’ ‘मागची खिडकी उघडू नकोस, बिजागरी हातात येईल.’ ‘उंदीर गेला, पण पत्ता ठेवून गेलाय.’ फोनवर का नाही सांगायचा? कारण फोनवर मी ऐकत नाही. हे त्याचं म्हणणं. घरात मला लहानपणापासून घाईबाई म्हणतात.

या खेपेला बाबा सोबत आले. पहिल्यांदाच. गुडघ्यांचं ऑपरेशन झाल्यावर म्हणाले, तुमचा तो परदेशातला उद्योग एकदा डोळ्यांनी बघू दे. मला वाटलं, त्यांना घर दिसावं, उद्योग दिसू नये. म्हणून आल्या दिवशीच, ते बाहेर बाकावर ऊन खात बसले होते, तेवढ्यात भिंत रंगवून काढली. न वाचताच? वाचली ना! वरच्या तीन ओळी वाचल्या. नळ, खिडकी, उंदीर. म्हटलं, नेहमीचंच. खाली बारीक अक्षरात भरपूर होतं. दादाचं भरपूरच असतं. फिरवला रोलर.

आणि इथे, दिवाणखान्याच्या बरोबर मध्ये, एक लोखंडी टेकू होता. असा खालपासून तुळईपर्यंत, गंजलेला. मला वाटलं, काम करताना लावला असेल आणि काढायचा विसरला असेल. आळशी आहेच तो. त्याचा आटा फिरवला, चार फेऱ्यांत निघाला. काही झालं नाही. अहो, खरंच काही झालं नाही! मी खाली उभी राहून वर बघितलं, बाबांना हाक मारली, बघा केवढी खोली झाली. ते म्हणाले, वा, लग्नाची पंगत बसेल.

तिसऱ्या दिवशी वरच्या खोलीचं दार लागेना. दमट हवेने फुगलं असेल म्हणून मी रंधा मारला. बाबा म्हणाले, माझी पोर सुतार झाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा लागेना. पुन्हा रंधा. काल तिसऱ्यांदा मारला तेव्हा ते म्हणाले, अगं, आता दार उरणार आहे का चौकटच? आम्ही दोघं हसलो. मी हसता हसता खालच्या कडेकडे बघत होते. एका बाजूला बोटभर रंधा मारलाय मी. एकाच बाजूला. दार फुगलं तर सगळीकडून फुगतं ना? मला तेव्हाच कळलं होतं. म्हणजे—नको, आता खोटं कशाला बोलू—मला परवाच कळलं होतं. ती छताची भेग दिसतेय ना, तिथे परवा मी लांबी, म्हणजे पुट्टी, भरली. काल पुन्हा भरली. आज सकाळी तिच्यावर कागदाची पट्टी चिकटवली, तारीख घालून, दादा चिकटवतो तशी. पट्टी फाटली तर घर हलतंय, नाहीतर आपलं मन हलतंय, असं तो म्हणतो.

आणि सकाळीच त्याचा फोन आला. भिंतीवरचं वाचलंस ना? हो म्हटलं. सगळं? हो रे बाबा, सगळं. टेकू नीट आहे? त्यावर मी म्हणाले—मी म्हणाले, ठीक आहे. एका दमात. शाळेत गृहपाठ न करता ‘वही घरी राहिली’ म्हणायचे ना, तस्सं. फोन ठेवला आणि पत्र्याने भिंत खरवडली. हे बघा इथे, खाली. ‘तुळईचं टोक भिंतीत आतून कुजलंय. पुढच्या खेपेला बदलतो. तोवर टेकू हलवू’—इथपर्यंत आलं, पुढचं रंगाबरोबर निघून गेलं. पुढे काय असणार? ‘हलवू शकतेस’ असणार का?

तेव्हाच बाबांना बाहेर काढायला हवं होतं. पण कसं काढणार? कारण सांगावं लागलं असतं. म्हटलं, जेवण होऊ दे, त्यांची वामकुक्षी होऊ दे, संध्याकाळी फिरायला नेते आणि तेवढ्यात टेकू परत लावते. ते वर गेले. मी भांडी घासून आले, वर बघितलं, तर पट्टी फाटलेली. आणि जिना बघा. वरची पायरी तुळईला टेकलेली असायची, आता मधून उजेड दिसतोय. त्या जिन्यावरून मी त्यांना कशी उतरवू?

काय? बोटांवर काय मोजताय? वर वजन काय आहे म्हणता? पलंग आहे. बाबा. आणि—टाइल्स. बाथरूमच्या. बावीस खोकी. बाहेर भिजतील म्हणून मी एकेक करून वर नेली, भिंतीपासून लांब, बरोबर मध्ये रचली. असं बघू नका माझ्याकडे.

टेकू? टेकू अंगणात आहे. उभा आहे. मी त्याचा कपडे वाळत घालायचा खांब केला, परवा. खड्डा खणून, सिमेंट ओतून. बाबांचे लेंगे वाळताहेत त्यावर.

थांबा—ऐकलंत? काठी. उठले ते. चहाची वेळ झाली ना त्यांची. पलंगावरून उतरले की सरळ जिन्याकडेच येतील. बाबा! बाबा, उठू नका! नाही, चहा नाही आणत—अहो, पाय खाली ठेवू नका, परत पलंगावर घ्या! का म्हणजे? कारण—

कंपासदादा, तुम्ही जा आता. पहार मागच्या दाराशी आहे, घराला बाहेरून वळसा घालून जा, टेकू उपटून आणा. सिमेंट परवाचंच आहे, फुटेल. लेंगे मातीत पडले तरी चालतील. आणि जाता जाता दादाला फोन लावा. माझ्याच फोनवरून, म्हणजे तो उचलेल. जा ना! मला त्यांना सांगायचंय, आणि तुमच्यासमोर ते मला जमणार नाही.

बाबा, ऐकताय? हलू नका. तो टेकू मी काढला. दादाने लिहून ठेवलं होतं, मी वाचलं नाही. दार फुगलं नव्हतं, बाबा.

पलंग करकरला... पाय वर घेतलेत ना, बाबा?