पाहुण्यांची खुर्ची

मला कुणीतरी आधीच सांगायला हवं होतं, की अमळनेरात घरून काम करायला चांगली खुर्ची घेतली तर ती गल्लीची होते. मी टेबल खिडकीशी लावलं, लॅपटॉप डोळ्यांच्या उंचीला आणला, पाठीसाठी मागे रेलणारी खुर्ची घेतली. तेव्हापासून कुणाकडे मुलगी पाहायला पाहुणे आले की खुर्ची तिकडे जाते आणि मी पाटावर बसून मीटिंग करते.

परवा शेजारची पल्लवी आली. "ताई, रविवारी खुर्ची दे. मुलाचे वडील म्हणतात, लग्नानंतर नोकरी सोडावी लागेल."

मी भडकले. "मग नाही म्हण ना सरळ."

"म्हटलं. बाबा म्हणतात, आपण नाही म्हणायचं नाही, त्यांनी म्हटलं तर गोष्ट वेगळी." मग तिने वाकून विचारलं, "हा दांडा कशाचा गं?"

"ओढला की पाठ एकदम मागे जाते."

"बरं," म्हणाली आणि खुर्ची ढकलत घेऊन गेली.

रविवारी मीही गेले. मुलाचे वडील ऐसपैस बसले. "हाई खुर्ची भारी शे," म्हणाले. पल्लवीने त्यांच्या हातात पोह्यांची बशी दिली आणि पडलेला चमचा उचलायला वाकली. दुसऱ्या क्षणाला पाहुण्यांचे पाय वर आणि पोहे छातीवर.

अपशकुन झाला म्हणत मंडळी चहा न घेताच उठली.

संध्याकाळी पल्लवीचे बाबा स्वतः खुर्ची घेऊन आले. "पोरी, फेकून दे ही."

त्यांच्या पाठीमागून पल्लवी हळूच म्हणाली, "फेकू नको हं ताई. पुढच्या रविवारी धुळ्याचे येताहेत."