मडक्यातले खिळे

महागावच्या स्टँडवर यवतमाळची गाडी लागायची होती. मागच्या बाकावर दोघी जणी बोलत होत्या.

"वच्छलाबाई, माह्या सुनेचं लक्षण मले ठीक दिसून नाही राह्यलं."

"काहून, काय केलं अपेक्षानं?"

"गोठ्यात मडकं ठेवलं तिनं. त्यात जंग चढलेले खिळे, गूळ अन् पाणी. तोंडाले फडकं बांधलं, अन् पंधरा दिवस कोणी हात लावू नका म्हणते."

"कायले पण?"

"कपड्याले रंग द्याले म्हणे. मोबाइलवर पाहून छंद लागला."

"मंग रंगच असन, इंदूबाई. आपण नाही का होळीले पळसाचे फुलं उकडत होतो?"

"फुलाचं समजते मले. खिळ्यातून कुठं रंग निघते? वरून माहं जुनं लुगडं मांगून राह्यली. अंगावरचं लुगडं अन् खिळे. समजलं ना?"

"इचारलं नाही तिले?"

"इचारलं. म्हणे, आई, तुमच्यासाठीच रंगवून राह्यली."

"चांगलं तं आहे."

"माह्यासाठी कायले? चाळीस वर्षं झाले त्या घरात. दुकानातून जे पातळ येते, ते मी नेसतो. अन् हे पोरगी इचारते, आई, तुम्हाले कोणता रंग आवडते?"

"मंग काय सांगतलं तुमी?"

"काय सांगू? मले आठवेच ना. दोन दिवस झाले, आठवूनच राह्यली. आता तुमीच सांगा, करणी असल्याबिगर असं होते का?"