मुलांना हैद्राबाद दाखवायला नेले त्याबाबत

जबाब, दिनांक ४ नोव्हेंबर १९४८, गुरुवार.

नाव जयवंताबाई भ्र. नामदेवराव हंबर्डे, वय अंदाजे तीस, धंदा शेती, राहणार मौजे आमगव्हाण, जिल्हा नांदेड. हल्ली मुक्काम एकनाथराव यांची लाकडाची वखार, गौलीगुडा, हैद्राबाद.

मी समक्ष हजर राहून सांगते की, माझा दीर हिम्मतराव याने माझ्याविरुद्ध काल या ठाण्यात फिर्याद दिली आहे. मी विधवा असून भावाची दोन मुले व घरातले सोने घेऊन पळाले आणि गौलीगुड्यात परक्या माणसाच्या घरी राहते, असे त्यात लिहिले आहे. ठाण्याचे मुख्य अमीनसाहेब यांनी त्या फिर्यादीवरून माझ्या नावापुढे बेवा, म्हणजे विधवा, असे लिहिले होते. ते मी खोडायला लावले. माझे यजमान हयात आहेत. मला उर्दू येत नाही, म्हणून शेजारच्या शाळेतले श्रीनिवास मास्तर यांना बोलावून हा जबाब मराठीत लिहून घेतला आहे.

माझ्या यजमानांनी गेल्या साली ऑगस्टमध्ये गावच्या चावडीवर झेंडा लावला. त्याबद्दल त्यांना पोलिसांनी धरून नेले. आधी नांदेडला व नंतर हैद्राबादच्या तुरुंगात ठेवले असे कळले. पत्र आले नाही. घरात सासूबाई, दीर, जाऊ, मी आणि माझी मुले, मुलगी इंदू वय अकरा व मुलगा अंबाजी वय सात, असे राहत होतो.

चैत्रात दीर हैद्राबादला जाऊन आला. ओट्यावर बसून त्याने पाणी मागितले, तांब्या संपवला आणि मग सांगितले की दादा तुरुंगात तापाने गेला, सरकारने मुडदा दिला नाही. सासूबाई पडल्या. देह नव्हता म्हणून पळसाच्या पानांचा पुतळा करून गोदावरीवर जाळला. तेराव्याला गाव जेवले. माझ्या बांगड्या फोडल्या आणि गळ्यातली पोत काढली. ती पोत दिराच्या पेटीत ठेवली. पुतळ्याला अग्नी अंबाजीने दिला. तो विचारत होता की बाबा एवढे हलके कसे.

त्यानंतर नदीकाठचे यजमानांच्या वाट्याचे शेत दीर आपले म्हणून करू लागला. मी काही म्हटले नाही. दसऱ्याच्या आधी त्याने इंदूचे लग्न जमवले. मुलगा म्हणून जो सांगितला तो माझ्या जावेचा मावसभाऊ. त्याची पहिली बायको वारली असून त्याची थोरली मुलगी इंदूपेक्षा मोठी आहे. तुळशीचे लग्न झाले की बार उडवू असे ठरले. मला विचारले नाही. मी नको म्हणाले तेव्हा दीर म्हणाला, "तू कोण विचारणार? तुझं कुंकू असतं तर तुला विचारलं असतं." हे शब्द त्याचेच आहेत, तसेच लिहावेत.

दसऱ्यानंतर मी मुदखेडच्या बाजारात मिरच्या घेऊन गेले होते. तेथे शेजारच्या गावचा दत्तोबा भेटला. तो यजमानांच्याच तुरुंगात, पण दुसऱ्या बराकीत होता व हिंदी लष्कर आल्यावर सुटून आला होता. त्याने माझ्या कपाळाकडे पाहिले आणि म्हणाला, "वैनी, हे काय? नामदेवराव तर आमच्या आधी सुटले. एकनाथरावांच्या वखारीत आहेत, गौलीगुड्याला. गावाकडं आले नाहीत का अजून?"

मी खाली बसले. मिरच्यांचे गिऱ्हाईक आले होते, त्याला माप करून दिले. दत्तोबाला हे कोणाजवळ बोलू नको असे सांगितले.

घरी का सांगितले नाही असे अमीनसाहेबांनी विचारले. घरी सांगितले असते तर मला दाराबाहेर पडू दिले नसते. सासूबाईंनाही सांगितले नाही. त्या दिराचे ऐकतात. मला स्वतःलाही दत्तोबाचे पूर्ण खरे वाटले नव्हते. मुलांना बाप आहे म्हणून सांगावे आणि तेथे दुसराच कोणी नामदेवराव निघावा, हे मला करायचे नव्हते.

दिवाळीच्या आधी मी माहेरी जाते असे सांगून सकाळी मुलांना घेऊन निघाले. निघण्यापूर्वी दिराच्या पेटीतून माझी पोत काढून घेतली. घरातले सोने चोरले असे फिर्यादीत आहे ते हेच. त्यात दोन मणी व एक वाटी असून ती माझ्या लग्नात माझ्या वडिलांनी दिली आहे. ही चोरी असेल तर तशी लिहावी.

मुदखेड स्टेशनावर मुलांना वाटले की मामाच्या गावची गाडी येणार. मी त्यांना सांगितले की या वर्षी दिवाळी हैद्राबादला, मोठे शहर बघायचे. अंबाजी उड्या मारू लागला. चारमिनारवर चढता येते का, तेथून आपले शेत दिसेल का, असे तो डब्यातल्या सगळ्यांना विचारत होता. एका म्हाताऱ्या मुसलमान बाईने त्याला चणे दिले आणि म्हणाली, "चढ, बेटा, मगर मां का हाथ पकडके." इंदू हसली नाही. ती मला म्हणाली, "आई, तू माझं लग्न मोडायला निघालीस का?" मी गप्प बस म्हणाले.

दिवेलागणीला काचीगुड्याला उतरलो. मुसाफिरखान्यात राहून सकाळी विचारत विचारत गौलीगुड्याला गेलो. रस्त्यात लष्कराच्या मोटारी होत्या, बरीच दुकाने बंद होती. मराठी बोललो तर लोक थांबून बघत होते. एका टांगेवाल्याने वखार दाखवली, भाडे घेतले नाही. अंबाजीने चारमिनार कुठे म्हणून विचारले. मी पुढे आहे असे सांगितले.

वखारीत काट्यापाशी एक मनुष्य पाठमोरा उभा राहून लाकडे तोलत होता. डावा पाय ओढत होता. दाढी वाढलेली होती. मी ओळखले. मी हाक मारली नाही. इंदूने मारली.

ते वळले आणि तेथेच लाकडांवर बसले. पुढे आले नाहीत. वखारीचे मालक एकनाथराव शेजारी उभे होते, त्यांना ते म्हणाले, "एकनाथराव, ही तुम्हालाही दिसू लागलीत का?" एकनाथराव दिसतात म्हणाले. तरी ते उठले नाहीत. इंदू जाऊन त्यांच्या गळ्यात पडली तेव्हा त्यांनी तिचे हात धरून पाहिले, बोटे पाहिली. अंबाजी माझ्या मागे लपला. ज्याला त्याने जाळले तो हा, हे त्याला पटेना. तो मोठ्याने रडू लागला व वखारीबाहेर पळाला. त्याला एकनाथरावांच्या मंडळींनी धरून आणले.

यजमानांनी सांगितले ते असे. चैत्रात हिम्मतराव तुरुंगात भेटीला आला होता. गजाच्या पलीकडे उभा राहून तो रडला. गावात पटकी आली, वैनी आणि दोन्ही लेकरे एका आठवड्यात गेली, मी तुझ्या नावाने सगळे विधी केले, असे त्याने सांगितले. एकनाथरावही तेव्हा त्याच तुरुंगात कैदेत होते व भेटीच्या वेळी तेथेच होते, त्यांची भेटही त्याच वेळी होती. त्यांनी सर्व ऐकले आहे व ते साक्ष देण्यास तयार आहेत.

म्हणजे हिम्मतराव त्या दिवशी आपल्या भावाला जिवंत पाहून, त्याच्याशी बोलून निघाला, आणि आमच्या ओट्यावर येऊन त्याने पाणी मागितले.

मी यजमानांना म्हणाले, सुटल्यावर एकदा तरी गावाला येऊन बघायचे होते. ते म्हणाले, "रिकाम्या घरात काय बघू?" मी म्हणाले, घर रिकामे नव्हते, आम्ही होतो. 

दिवाळी वखारीत केली. एकनाथरावांच्या मंडळींनी मला हिरव्या बांगड्या भरल्या. पोत मी स्वतः घातली. अंबाजी दोन दिवसांनी बापाजवळ गेला. आधी त्याने लांबून काडीने त्यांच्या पायाला टोचून पाहिले.

माझा भाऊ दिवाळीला मला न्यायला आमगव्हाणला गेला तेव्हा मी माहेरी नाही हे दिराला कळले. त्याने बाजारात चौकशी करून दत्तोबाला गाठले. दत्तोबाने वखारीचे नाव सांगितले, यजमानांचे सांगितले नाही असे दिसते. कारण दीर काल भाऊबीजेच्या दिवशी आला तो या ठाण्यात फिर्याद देऊन, बरोबर पोलीस जवान घेऊन आला. त्याचा स्वतःचा भाऊ तेथे आहे हे त्याला माहीत असते तर तो जवान घेऊन आला नसता.

तो आला तेव्हा यजमान मागे लाकूड उतरवून घेत होते. मी इंदूची वेणी घालत होते. दिराने वखारीच्या दारातून ओरडून जवानाला सांगितले, "ही बघा. नवरा मरून वर्ष झालं नाही तर कुंकू लावून परक्याच्या दारात बसली." आजूबाजूचे लोक जमले. त्याने इंदूचा दंड धरून ओढले. मी त्याच्या मनगटाला चावले. फिर्यादीत मारहाण म्हणून जे नंतर जोडले आहे ते हेच. चावले हे खरे आहे. रक्त आले हेही खरे आहे.

गलका ऐकून यजमान पुढे आले. त्यांच्या हातात ओंडका होता. दिराने त्यांना पाहिले. इंदूचा दंड सोडला.  मग "दादा" म्हणाला आणि वाकून त्यांच्या पायावर डोके ठेवले. मला वाटले यजमान ओंडका त्याच्या पाठीत घालतील. त्यांनी ओंडका खाली ठेवला आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवला. लहानपणापासूनची सवय आहे, असे ते नंतर म्हणाले.

जवानाने सर्वांना ठाण्यात आणले. येथे दीर म्हणाला की तुरुंगात नावांचा घोटाळा झाला, मला चुकीचे सांगण्यात आले, भाऊ जिवंत पाहून मला आनंदच आहे, फिर्याद मागे घेतो. तो तुरुंगात भावाला भेटला नाही असेही म्हणाला. अमीनसाहेबांनी यजमानांना विचारले, भाऊ भेटायला आला होता का? यजमान म्हणाले, "आठवत नाही. मी तापात होतो." वखारीत मला सांगितले तेव्हा त्यांना सर्व आठवत होते. गजाला हिम्मतरावाने कपाळ टेकले होते, तेसुद्धा आठवत होते.

अमीनसाहेब मला म्हणाले, "बाई, घर का मामला है. आदमी मिल गया, बच्चे मिल गये. अब काहे को कोरट कचेरी? मिल बैठके निपटालेव." मी नाही म्हणाले. मग यजमानांनी मला व्हरांड्यात नेऊन सांगितले की तो माझा पाठचा भाऊ आहे, आई म्हातारी आहे, झाले गेले सोड. तू जबाब दिलास तर आपल्याला गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही. मी म्हणाले, "माझं तोंड गावानं चैत्रापासून पाहिलं नाही. सकाळी मी वाटेत दिसले तर लोक घरात परत जायचे. तुमच्या भावानं दाखवायचं ठेवलं होतं का?" ते म्हणाले, "मला त्रास झाला नाही का?" त्यांनाही झाला. तो मी नाकारत नाही. पण त्यांच्या त्रासाचे त्यांनी सांगावे. मी माझे सांगते.

माझे म्हणणे असे की, माझ्याविरुद्धची फिर्याद दिराने मागे घेतली तरी माझी फिर्याद घ्यावी. त्याने जिवंत भावाला मेला म्हणून सांगितले व त्याचे तेरावे घातले, तसेच आम्ही मेलो म्हणून भावाला सांगितले. घोटाळा एकीकडे होतो. दोन्हीकडे होत नाही. तो हे करताना घाबरलेला नव्हता आणि कोणी त्याला भाग पाडले नव्हते. इंदूचे लग्न मला मान्य नाही व ते मी होऊ देणार नाही. मुले दिराच्या ताब्यात देऊ नयेत. मी त्या घरात परत राहायला जाणार नाही. यजमान गेले तर त्यांनी एकटे जावे. एकनाथरावांच्या मंडळींनी वखारीमागची खोली आम्हाला दिली आहे, तेथे मी मुलांना घेऊन राहीन व काम करीन.

दिराचे हात जोडून बोलणे आत्ता येथेही चालू आहे. त्याचा माझ्या म्हणण्यावर परिणाम नाही.

यजमानांनी या जबाबावर साक्षीदार म्हणून सही करावी, म्हणजे तुरुंगातल्या भेटीबद्दलचा मजकूर पक्का होईल, असे श्रीनिवास मास्तरांनी सुचविले. अमीनसाहेबांनी जवानाला त्यांना बोलवायला पाठविले. जवान दोनदा जाऊन आला. येतो म्हणाले असे त्याने सांगितले. ते अजून आलेले नाहीत. त्यांच्यासाठी थांबू नये. एकनाथरावांची सही घ्यावी व माझा अंगठा घ्यावा.

वरील मजकूर श्रीनिवास मास्तरांनी मला सुरुवातीपासून मोठ्याने वाचून दाखविला. चावल्याचे वाक्य काढू का, असे त्यांनी विचारले. मी राहू द्या म्हणाले. बाकी सर्व मी सांगितले तसे उतरले आहे.

निशाणी डाव्या हाताचा अंगठा, जयवंताबाई भ्र. नामदेवराव हंबर्डे.