पक्षकार रेवताबाई

(लाखांदूरजवळच्या गावातलं घर, रविवारची दुपार. उर्वशी, तिची सासू रेवताबाई आणि पाच वर्षांची गुड्डी. उर्वशी मनाशीच काहीतरी पुटपुटते आहे. चुलीवरच्या भाताच्या गंजाचं (पातेल्याचं) झाकण खडखडतं.)

रेवताबाई : झाकण बोललं, पण वकीलबाई काही बोलेना!

उर्वशी : थांबा ना आई, मनात जुळवून राहिली. मागच्या खेपेले कॉलेजच्या मॅडम म्हणे, पक्षकारानं तोंड उघडाच्या आधीच तू कलमं सांगत सुटते. पहिले ऐकून घे. उद्याच्या प्रात्यक्षिकात पुन्हा तसंच झालं, त विधी सेवा केंद्रात शिकाले पाठवणार नाहीत मले.

रेवताबाई : मंग कर सुरू. मी झाली गिऱ्हाईक.

उर्वशी : पक्षकार, आई.

रेवताबाई : तेच ते.

गुड्डी : मी पुकारू? रेवताबाई हाजिर होऽऽऽ!

उर्वशी : कोर्ट नाही व गुड्डी, हे ऑफिस आहे.

गुड्डी : असू दे. आजी, चप्पल काढून ये.

उर्वशी : नमस्कार. मी उर्वशी, कायद्याच्या शेवटच्या वर्षाला आहे. आपण जे सांगाल ते या खोलीबाहेर जाणार नाही.

रेवताबाई : अन् हे कारटी?

गुड्डी : मी शिपाई आहो. शिपाई कोणाले सांगत नाही.

उर्वशी : आपली अडचण काय आहे?

रेवताबाई : शेजाऱ्यानं बांधाचा धुरा सरकवला माह्या वावरात. हेच सांगाचं ठरलं होतं ना?

उर्वशी : हो. कधी सरकवला?

रेवताबाई : शेजारी नोको. भाऊ म्हण.

उर्वशी : बरं, भाऊ. खोटंच त आहे.

रेवताबाई : बपेऱ्याले, माह्या माहेरी, बोडीच्या लहान्या तळ्यावर पिकणाऱ्या धानाच्या बांध्या. माह्या बापाच्या. बाप गेला. तेरवीच्या दिवशी सारं गणगोत बसलं होतं. तवा तुलारामनं पुसलं, बाई, तुले काही पाहिजे का?

उर्वशी : तुलाराम? आपले तुलाराममामा?

रेवताबाई : वकील असा मधातच बोलते का?

उर्वशी : नाही. बोला.

रेवताबाई : मी म्हणलं, लुगडं-चोळी द्या, बस. बहिणीनं असंच म्हणाचं असते. चार माणसांत दुसरं कोण म्हणन?

उर्वशी : अहो पण तोंडी सोडला म्हणून हक्क सुटत नाही, आई! नोंदणी केलेला दस्त लागते. अन् पोरीले पोराइतकाच—

रेवताबाई : झाली नापास.

गुड्डी : मम्मी नापास! मम्मी नापास!

उर्वशी : चुकलं, चुकलं. सांगा. मंग काय झालं?

रेवताबाई : काही नाही. लुगडं आलं. हिरवं होतं, बारीक काठाचं. दरसाल भाऊबीजेले बलावते, जातो, ओवाळतो. जेवण झालं का बोडीच्या काठाच्या पाळीवर जाऊन धान पाहातो. पाळीवरूनच. खाली बांधीत उतरत नाही.

उर्वशी : काहून उतरत नाही?

रेवताबाई : बापाच्या बांधीत पाहुणी म्हणून उतरू का? आता सांग ना कलम.

उर्वशी : ऐकून राहिली.

रेवताबाई : हंऽ.

उर्वशी : तुमाले काय पाहिजे, आई?

रेवताबाई : हे तुह्या मॅडमनं शिकवलं का?

उर्वशी : शिकवलं. पण आता मी तुमाले पुसून राहिली.

रेवताबाई : धान नोको मले. त्याईचे लेकरं खाऊ दे. सातबाऱ्यावर नाव पाहिजे. बापाले एक पोरगीही होती, इतकं त दिसन. होते का असं?

उर्वशी : होते, असं वाटते. पण मी अजून वकील झाली नाही. तुमचं नाव न घेता मॅडमले पुसतो, मंग सांगतो. अन् तुम्ही हो म्हणल्याशिवाय कोणाच्या दारात जात नाही, मामाच्या त नाहीच.

रेवताबाई : आता पास.

उर्वशी : खरंच?

रेवताबाई : अव, उठून गेली का मी? बसली ना इतका वेळ! जाय, गंज उतरव. भात लागून राहिला खाली.

गुड्डी : मम्मी...

उर्वशी : काय म्हणते माहा शिपाई?

गुड्डी : आजीचं नाव लिहिलं, त मामाआजा भाऊबीजेले बलावन का?