कासवाच्या पुस्तकात चोर कुठाय?

नाही, तुम्ही हसा... हसा खुशाल! तुमच्या घरात शिरलेलं नाही ना हे संकट! साडेचार वाजले की मी दाराकडे कान लावून बसतो. जिन्यावर बूट वाजतात, टक टक टक, दप्तर धाडकन पडतं आणि आवाज येतो, "आबाऽऽ, आज नवीन अक्षर!" संपलं! तुम्हाला सांगतो, माणसाने एक वेळ वाघाला भिऊ नये, पण पहिलीतल्या नातीला भ्यावं! सहा वर्षांची आहे, पुढचे दोन दात नाहीत, पण नजर अशी की घरात सगळे तिला फौजदार म्हणतात. आणि फौजदार रोज एक अक्षर शिकतेय!

आता तुम्ही म्हणाल, अहो आजोबा, मग आनंद माना की! मानला असता हो. पण... ते दार जरा लोटून घ्या. हं. मला वाचता येत नाही.

झाला ना चेहरा! आणि कुणाला येत नाही? पेंटरला! या अख्ख्या रस्त्यावरच्या पाट्या कुणी रंगवल्या? न्हावी, शिंपी, औषधवाला, तो दातांचा डॉक्टर... चाळीस वर्षं! अहो, गिऱ्हाईक चिठ्ठीवर लिहून देतं, मी खडू लावलेली दोरी ताणून फळीवर दोन रेघा मारतो आणि मधे चिठ्ठीतलं चित्र काढतो. चित्रच की ते! एक अक्षर पोटल्या, एक शेपटीवाला, एक नुसती काठी. वडिलांनी आठव्या वर्षी हातात ब्रश दिला, शाळा सुटली ती सुटलीच. आमची ही होती तोवर चिठ्ठी आधी ती वाचायची. रंगवून झालं की लांबून एक नजर टाकायची आणि मान हलवायची. झालं काम! एकदा चार दिवस माहेरी गेली आणि नेमकी शिंप्याने चिठ्ठी दिली. मी काढली, अख्खी! शिंपी येऊन बघतो तर दुकानाच्या नावाखाली वीतभर अक्षरांत 'लाल रंगात, मंगळवारपर्यंत पाहिजे'! मी म्हटलं, "गंमत केली हो, पुसतो ना!"  त्यानंतर ती कधी माहेरी राहिली नाही बिचारी.

आता ती नाही. तीन वर्षं झाली. मुलगा, सून, कुणाला पत्ता नव्हता. मी तीन चष्मे बाळगलेत आणि वाचायची वेळ आली की तिन्ही हरवतात!

पण फौजदाराला मी पुस्तकं वाचून दाखवतो. म्हणजे काय, चित्र बघतो आणि देतो सोडून! ते कासवाचं पुस्तक आहे ना, कासव आणि छत्री, त्यातलं कासव म्हणजे तुरुंगातून पळालेला चोर, छत्री राणीची, मागे बारा शिपाई! दर वाचनाला एक शिपाई वाढतो. पोर मांडीवर, श्वास रोखून... दिवसभरातला तेवढाच अर्धा तास माझा आहे हो. बाकी मला कोण विचारतंय? मुलगा म्हणतो, "बाबा, पाय वर घ्या, फरशी पुसायचीय." एवढंच संभाषण! वाटायचं, ज्या दिवशी हिला कळेल ना, त्या दिवशी ही मांडीवरून उतरेल, ती परत बसायची नाही. आणि फौजदार... रोज एक अक्षर शिकतेय!

पहिल्या आठवड्यात नुसतं "आबा, हा क." मी म्हटलं, "शहाणी माझी!" आणि पुस्तक हळूच उशीखाली सारलं! मग एक दिवस म्हणते, "बोट ठेवून वाच. बाई म्हणतात, बोट ठेवूनच वाचायचं." ठेवलं बोट. करतो काय! बोट निघालं, सरसर पानाच्या टोकाला जाऊन थांबलं आणि गोष्टीत अजून सातवाच शिपाई पळतोय! ती बघते माझ्याकडे. "आबा... बोट संपलं. मग गोष्ट कशी चाललीय?" खोकला काढला हो! पाच मिनिटं खोकलो. सुनेने पाणी आणलं.

आणि परवा... परवा तिने पुस्तक माझ्या हातातून घेतलं. स्वतः उघडलं. "का...स...व. कासव चा...ल...ले. घर... आ...ले." पान उलटलं. परत पान उलटलं.  शेवटच्या पानापर्यंत गेली आणि हळू आवाजात म्हणाली, "आबा, चोर कुठाय?"

मी चष्मा शोधायला लागलो. एक डोक्यावर, एक खिशात, एक माझ्या हातात!

"शिपाई पण नाहीत आबा. छापणारे विसरले." हुश्श! म्हटलं सुटलो! कुठला सुटतोय? उठली, माझा बारीक ब्रश आणि काळ्या रंगाचा डबा घेऊन परत मांडीवर बसली. "तू लिही. तुझं अक्षर किती छान आहे, बाई पण म्हणतात. लिही इथे, चोर."

ब्रश डब्यात बुडवला. आणि समोर चिठ्ठी नाही हो! कोरी जागा आणि तिचे डोळे. खोटं बोलायचंही त्राण राहिलं नाही. म्हटलं, "बाळा, आबाला लिहिता येत नाही. वाचताही येत नाही. मी नुसतं बघून काढतो."

रडली नाही. हसली नाही. मांडीवरून उतरली. बूट घातले. टक टक टक, जिना उतरून गेली.  म्हटलं, गेली ही. आणि खालून, रस्त्याच्या मधोमध, आवाज, "माझ्या आबाला वाचता येत नाऽऽही! मी शिकवणारेय! मी त्याची बाई!"

अभिमानाने हो! वर्गात कुणाकडे विद्यार्थी नाही, हिच्याकडे आहे!

मी खिडकीशी सरकलो.  मग न्हावी बाहेर आला, हातात वस्तरा, मागे अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक. त्याने मान वर केली. शिंप्याने केली. औषधवाल्याने केली. दातांचा डॉक्टर तर रस्त्यापलीकडे जाऊन उभा! सगळ्यांचे ओठ हलतायत! स्वतःच्या दुकानाची पाटी कोण वाचतं हो एरवी? त्या दिवशी अख्खा रस्ता एकेक अक्षर लावून वाचत होता आणि मी वर खिडकीत, निकाल ऐकायला उभा.

शेवटी औषधवाला ओरडला, "पेंटर, सगळ्या बरोबर आहेत हं! एक सोडून!"

"कुठली?"

तर हसायलाच लागले! "राहू दे हो, इतकी वर्षं चाललंय, सवय झालीय!" सांगेल तर शपथ! दोन दिवस प्रत्येक पाटीखाली मान मोडेपर्यंत उभा राहतोय. सगळ्या सुंदर आहेत हो! आणि शिंप्याने तेवढं फौजदाराच्या कानात सांगितलंय. ती तोंडावर हात ठेवून हसतेय. आता रोज साडेचारला ती खुर्चीवर आणि मी खाली सतरंजीवर, हातात पाटी-पेन्सिल. काल अगदी काकुळतीला आलो, म्हटलं, "बाई, सांगा ना, कुठली चुकलीय?"

तर म्हणते, "आबा, स्वतः वाच!"