कागदाखालचे फुगे

वॉर्निशच्या दुकानात रांगेत उभ्या असलेल्या दोन जावांचं बोलणं मागचा रंगारी कान देऊन ऐकत होता.

"मामंजींनी घडवलेल्या कपाटावर तू जुन्या कॅलेंडरची फुलं चिकटवलीस? जन्मभर सुतारकी केलेल्या माणसाच्या डोळ्यांदेखत?"

"नवं घ्यायची ऐपत कुठाय, जाऊबाई? भीतभीतच चिकटवली."

"मग? कडाडले?"

"उजवा हात लुळा पडल्यापासून भिंतीकडे तोंड करून बसायचे ना? ते उठले! कागद चाचपून म्हणाले, 'फुगे राहिलेत, टाचणी आण.' डाव्या हातानं एकेक फुगा टोचून बसवला."

"देव पावला गं बाई!"

"आता रोज नवं काम मागतात. काल स्टूल, आज खुर्ची."

"आणि रोज फुगे राहतात? एवढी कशी गं वेंधळी तू!"

"वेंधळी पहिल्या दिवशीच होते, जाऊबाई."